अंगणातला शिशुवर्ग



आपल्या मंडळीत शिशुवर्ग कोठे भरतो, हे क्षणभर डोळ्यांपुढे आणा. मोठ्या मुलांना सभागृह मिळते, तरुणांना पाळकसाहेबांच्या घराचा व्हरांडा मिळतो, आणि तीन ते सहा वर्षांच्या लेकरांच्या वाट्याला येते ती बाजूची अरुंद खोली. तीत मोडक्या खुर्च्या, नाताळच्या नाटकाचे सामान आणि जुन्या गीतपुस्तकांचे गठ्ठे असतात. उरलेल्या जागेत बाके. बाकांवर बसल्यावर ह्या मुलांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. अशा लोंबत्या पायांनी त्यांनी पाऊण तास हात बांधून बसावे, डोळे मिटावे, वचन पाठ करावे आणि मग चित्र रंगवावे, अशी आपली अपेक्षा असते. जो हे करतो तो शहाणा, जो करत नाही तो हूड.

इंदूरच्या एका मंडळीत मी कित्येक वर्षे असाच वर्ग घेतला, आणि चांगला घेते असे मला वाटत होते. त्या वर्गात साडेचार वर्षांचा एक मुलगा होता. हातात रंगखडू दिला की तो मोडायचा. शेजारच्याला कोपराने ढोसायचा. बाकावरून पडणे हा तर दर रविवारचा नेम. मी त्याच्या आईला दोनदा सांगितले की मुलगा फार द्वाड आहे, घरी वळण लावा. ती बिचारी मान खाली घालून ऐकून घेई. माझ्या ह्या सांगण्यावरून घरी त्याला मार बसत होता, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले.

वैशाखातल्या एका रविवारी वीज गेली. खोलीत बसवेना, म्हणून मी मुलांना घेऊन आवारातल्या निंबाखाली गेले. तेथे कोणी रोपांसाठी पाण्याची बादली भरून ठेवली होती. मी चटई अंथरीपर्यंत हा मुलगा बादलीजवळ पोहोचला. आता पाणी सांडणार म्हणून मी ओरडणार, तोच त्याने दोन्ही हातांनी कडी धरली, पाय फाकवून बादली उचलली आणि चार पावले नेऊन खाली ठेवली. पाणी फारसे सांडले नाही. मग त्याने एका मुलीला हाक मारून दुसऱ्या बाजूने धरायला सांगितले, आणि दोघांनी मिळून ती कुंड्यांपर्यंत नेली. वर्गात कोणालाही ढोसणारा हा मुलगा तिला म्हणत होता, “हळू, तुझ्या पायावर पडेल.”

त्या दिवशी पाठ काही झाला नाही. उपासना सुटल्यावर मी त्याच्या आईला गाठून क्षमा मागितली. त्यानंतर ह्या विषयावर जे वाचले, जे पाहिले आणि जे करून पाहिले, ते आपल्यापुढे ठेवत आहे.

मुलाच्या अंगी हालचालीचे नियंत्रण येते ते ठरावीक क्रमाने. डोक्याकडून पायांकडे आणि धडाकडून बोटांकडे असा तो क्रम आहे. आधी मान सावरते, मग पाठ, मग कंबर, मग पाय. हाताचे पाहिले तर आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि सर्वांत शेवटी बोटांची टोके. मनगटातील आठ लहान हाडे जन्माच्या वेळी कूर्चेची असतात. ती पुढे वर्षानुवर्षे हळूहळू टणक होत जातात. आपण मात्र उलट्या टोकाकडून आरंभ करतो. ज्याचा खांदा अजून बळकट झालेला नाही त्याच्या बोटांत खडू देतो आणि रेघेच्या बाहेर रंग गेला म्हणून नाराज होतो. माती खणणे, ओला चिखल दाबणे, फांदीला लोंबकळणे, दोर ओढणे, बादली उचलणे ह्या कामांनी जो खांदा आणि जी मूठ तयार होते, तिच्यावरच पुढे पेन्सिल टिकते. खडू मोडणाऱ्या मुलाला जोर किती लावावा हे पुष्कळदा कळत नसते. ओझे उचलून, ढकलून, ओढून स्नायूंना तो अंदाज येतो; खडूचे शंभर कागद रंगवून तो येईलच असे नाही.

स्वस्थ बसणे हेदेखील एक कसबच आहे, आणि लहान मुलाला ते धावण्यापेक्षा कठीण जाते. पाठीच्या व पोटाच्या स्नायूंनी धड सरळ धरून ठेवावे लागते, आणि तोल सांभाळणारी कानाच्या आतील यंत्रणा पक्की असावी लागते. ती पक्की होते झोक्याने, गरगर फिरण्याने, उतारावरून धावण्याने आणि अरुंद कठड्यावरून चालण्याने. म्हणजे बसायला शिकायचे तर आधी पुष्कळ हलले पाहिजे. जो सारखा चुळबुळतो तो आज्ञाभंग करतो असे धरून चालू नये. त्याच्या शरीराला जे हवे ते तो बाकावरच मिळवू पाहत असतो.

वयाचा अंदाज असा: दोन वर्षांचे मूल चेंडूला लाथ मारते, अडीचच्या आसपास दोन्ही पाय उचलून उडी मारते, तीनला तीनचाकी सायकल चालवते आणि एकेका पायरीवर एकेक पाऊल टाकून जिना चढते, चारला एका पायावर दोनचार उड्या घेते, पाचसहाला पाय बदलत, लय धरून उड्या मारत जाते. काही महिन्यांचे मागेपुढे होणारच. म्हणूनच तीन वर्षांच्या मुलाला लंगडीच्या डावात ओढून “अरे, तुला एवढेही येत नाही?” म्हणणे हा अन्याय आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी काही सूचना प्रसिद्ध केल्या. तीन व चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटे निरनिराळी शारीरिक हालचाल करावी. त्यांतील निदान ६० मिनिटे चांगली दमवणारी असावीत. एका वेळी एक तासाहून अधिक त्यांना जखडून ठेवू नये. आणि पडद्यासमोर बसणे दिवसाला एका तासाच्या आत असावे, असे त्यांत सांगितले आहे. आता आपल्या घरचा हिशेब करून पाहा. वरच्या मजल्यावरचे घर, शाळेची रिक्षा, बालवर्गातील बाक, घरी मोबाईल, आणि रविवारी पुन्हा बाक. १८० मिनिटे कोठून निघणार?

हे झाले शरीराचे. दुसरी बाजू मिळून मिसळून राहण्याची.

अमेरिकेतील मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या बाईंनी शिशुशाळेतील मुलांचे खेळ बारकाईने पाहून १९३२ साली आपले निष्कर्ष मांडले. मूल आधी एकटे खेळते. मग दुसऱ्याच्या शेजारी बसून तसाच खेळ खेळते, पण त्याच्यासह नाही. मग वस्तूंची देवघेव सुरू होते. शेवटी कामे वाटून घेऊन एकच खेळ मिळून खेळणे येते. पुढील अभ्यासकांनी ह्यात दुरुस्त्या केल्या आहेत, आणि एकटे खेळणारे मूल मागासलेले नसते हेही दाखवले आहे. तरी शिक्षकाला हा क्रम ठाऊक असलेला बरा. तीन वर्षांच्या दोन मुली पाठीला पाठ लावून माती उकरत असतील तर “मिळून खेळा ना!” असे म्हणून त्यांना एकाच खड्ड्याशी बसवण्याची गरज नाही. त्या शेजारी बसल्या आहेत, हीच त्या वयाची मैत्री.

खोलीपेक्षा अंगणात हे का साधते, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. एक कारण अगदी साधे आहे. खोलीत भांडण झाले तर दूर जायला जागा नसते. अंगणात रागावलेले मूल झाडामागे जाऊन बसते आणि आपल्या पायांनी परत येते. दुसरे कारण असे की खोलीतल्या वस्तू आपण मोजून वाटतो. प्रत्येकाला एक कागद, प्रत्येकाला एक खडू. वाटून घेण्याचा प्रश्नच उरत नाही. अंगणात झोका एकच असतो, आणि भरलेली बादली एकट्याने लांब नेता येत नाही. लांब फळीचे दुसरे टोक कोणी धरल्याशिवाय ती हलत नाही. “मिळून राहा” हा उपदेश तेथे फळीच करते, आणि तिचे मुले ऐकतात.

ह्यात शिक्षकाने काय करावे? माझा अनुभव असा की निम्म्या भांडणांत काहीच करू नये. जवळ जाऊन उभे राहावे, मारामारी होऊ देऊ नये, आणि दोघांचे म्हणणे मोठ्याने एकमेकांना ऐकवावे: “ह्याला झोका हवा आहे. तिचा अजून झाला नाही. आता काय करू या?” चार वर्षांची मुले अशा वेळी जे तोडगे काढतात ते कधीकधी आपल्या कमिटीच्या सभेतही निघत नाहीत. एकदा दोघांनी ठरवले की झोक्यावरच्याने दहा म्हणेपर्यंत बसायचे, आणि दहा मोजायचे ते वाट पाहणाऱ्याने. त्या मुलाला सातच्या पुढे येत नव्हते, म्हणून झोक्यावरचीने त्याला आठ, नऊ, दहा शिकवले.

हे सारे परदेशी आणि पैसेवाल्यांचे खूळ आहे असे कोणी म्हणेल. म्हणून थोडा इतिहास सांगते.

बालोद्यान ही कल्पना ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते फ्रेडरिक फ्रोबेल जर्मनीतील एका लूथरन पाळकाचे पुत्र. आई तान्हेपणीच वारली आणि ह्या मुलाचे बालपण बरेचसे बागेत एकट्याने गेले. १८३७ साली त्यांनी ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांची संस्था काढली आणि १८४० साली तिला ‘मुलांची बाग’ ह्या अर्थाचे किंडरगार्टन हे नाव दिले. हे नाव केवळ अलंकारिक नव्हते. त्यांच्या योजनेत प्रत्येक मुलाला स्वतःचा एक छोटा वाफा होता, आणि शिवाय सर्वांचे सामाईक वाफेही होते. माझे काय आणि आपले काय, हे मूल तेथे पाणी घालता घालता शिकत असे. आपल्या सोलापुरातही अमेरिकन मराठी मिशनच्या स्त्रियांनी विसाव्या शतकाच्या आरंभी किंडरगार्टन चालवले होते. मात्र फ्रोबेलचे नाव आपण घेतले आणि बाग बाहेरच ठेवली. आज गल्लोगल्ली ‘केजी’ आहे आणि तीत एक कुंडीदेखील दिसत नाही.

मारिया माँटेसोरी ह्यांनी १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. पाणी आणणे, झाडणे, रेघेवरून तोल सांभाळत चालणे अशा खऱ्याखुऱ्या कामांना त्यांनी शिक्षणात मान मिळवून दिला. १९३९ साली त्या भारतात आल्या, आणि महायुद्धामुळे त्यांना येथेच अडकून राहावे लागले. त्यांतील काही काळ त्या कोडाईकॅनालच्या डोंगरात होत्या आणि तेथे निसर्गाच्या सान्निध्यात मुलांबरोबर त्यांचे काम चालू होते. लंडनमध्ये मार्गारेट मॅकमिलन ह्यांनी १९१४ साली डेप्टफर्ड ह्या गरीब भागात उघड्यावरची शिशुशाळा सुरू केली, तीही कोंदट घरांतील रोगट मुलांसाठी. म्हणजे पैसेवाल्यांसाठी हे कधीच नव्हते.

परंतु ज्यांची आठवण आपण विशेष ठेवावी त्या दोघी आपल्या मराठी बाया आहेत. ताराबाई मोडक ह्यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केले आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला. शहरातील सुखवस्तू मुलांपुरते हे शिक्षण राहू नये म्हणून १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या होत्या. बालवाडी उघडली, पण वस्तीतील मुले येईनात. तेव्हा बालवाडीच वस्तीत, मुलांच्या घरांपुढील अंगणात न्यायची असे ठरले. तीच अंगणवाडी. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांत गेले. तेथे मुले गुरे राखायला जात. मग शिक्षिकाच गुरांमागे कुरणात गेली, आणि तिला कुरणशाळा म्हणू लागले. विकतच्या महागड्या साधनांऐवजी बिया, शंख, खडे, पाने ही साधने झाली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या वारल्या. अनुताई १९९२ पर्यंत होत्या.

अंगणवाडी हे नाव आज देशभर झाले आहे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. परंतु अनेक ठिकाणी नावात अंगण आहे आणि प्रत्यक्षात भाड्याची एक खोली. ह्यात सेविकांचा दोष नाही. शहरात अंगण आणावे कोठून?

आमच्या इंदूरलाही ही परंपरा आहे. तात्यासाहेब सरवटे ह्यांच्या कन्या शालिनीताई मोघे ह्यांनी १९४७ साली बाल निकेतन संघ काढला, माँटेसोरी पद्धत इंदुरात रुजवली आणि गरीब वस्त्यांतील मुलांसाठी आयुष्यभर काम केले. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ साली त्या वारल्या. शहराबाहेर कस्तुरबाग्राम येथे कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्टने खेड्यांतील कितीतरी स्त्रियांना बालवाडीचे व सेवेचे शिक्षण दिले. शिकायला आपल्याला फार लांब जावे लागणार नाही.

आता प्रत्यक्ष पद्धतीकडे वळू. प्रथम, काय नव्हे ते सांगते. चटई बाहेर अंथरून त्याच मुलांना त्याच रांगेत बसवणे म्हणजे अंगणातले शिक्षण नव्हे. शिट्टी वाजवून कवायत घेणे हेही नव्हे. सर्वांनी एकच हालचाल एकाच वेळी करायची म्हटले की ज्याला येते तो कंटाळतो आणि ज्याला येत नाही तो रडतो. आणि “जा, खेळा” म्हणून सोडून देऊन आपण खुर्चीवर बसून गप्पा मारणे, हे तर मुळीच नव्हे.

शिक्षकाचे काम मुले येण्यापूर्वी होते. दोन विटांवर एक फळी ठेवावी. महिन्याने विटा तीन कराव्या. जुना टायर, जाड दोर, एक पाण्याची कोठी, लहान बादल्या, नारळाच्या करवंट्या, वाळूचा किंवा मातीचा ढीग. ह्यांपैकी बहुतेक वस्तू फुकट मिळतात. आठदहा मुलांमागे एक मोठे माणूस हवे, आणि पाण्याजवळ तर कोणी ना कोणी सतत हवेच. जमिनीवर काचा, खिळे, तारा आहेत का हे दर वेळी चालून पाहावे. दगड उचलताना विंचवाची आठवण ठेवावी.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती पुष्कळ आवारांत आढळते. शोभेसाठी आपण कण्हेर लावतो. लाल कण्हेर आणि पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, ही दोन्ही झाडे विषारी आहेत. बिट्टीच्या बियांनी मुले खेळतात, त्या तोंडात जाता कामा नयेत. धोतरा, एरंडाच्या बिया आणि गुंजा ह्यांचेही तसेच. शिशुवर्ग जेथे भरतो तेथून ही झाडे काढून टाकावीत.

ऋतू पाहून वेळ ठरवावी. चैत्रवैशाखात आमच्याकडे पारा चाळिसाच्या वर जातो. नऊच्या आत वर्ग उरकावा आणि सावली सोडू नये. पौषात मात्र सकाळच्या उन्हातले अंगण कोणत्याही खोलीपेक्षा सुखाचे. पावसाळ्यात माळव्याची काळी माती पायाला अशी धरते की चप्पल मागेच राहते. तेव्हा चपला काढून ठेवाव्या, दाराशी पाय धुण्याची बादली व एक जुने टॉवेल ठेवावे, आणि मुलांनीच एकमेकांच्या पायांवर पाणी घालावे. ह्या कामात त्यांना जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो.

पेरणाऱ्याचा दाखला आम्ही कसा घेतला ते सांगते. गोष्ट मी आधी सांगितलीच नाही. पहिल्या रविवारी मुलांनी आवारात चार जागा शोधल्या: फाटकापासून दारापर्यंतची पायवाट, भिंतीजवळचा मुरूम, घाणेरीच्या झुडपाखालची जमीन, आणि निंबाजवळचा काळा वाफा. प्रत्येक जागी बोट खुपसून पाहिले. पायवाटेत बोट जाईना. वाफा खणायला खुरपी दोनच होती, म्हणून एकाने खणायचे आणि एकाने खडे वेचायचे असे ठरले. दोघादोघांनी काठीला बादली अडकवून पाणी आणले. एकाची पावले मोठी, एकाची लहान. पहिल्या खेपेला निम्मे पाणी वाटेतच गेले. तिसऱ्या खेपेला, कोणी न सांगता, मोठा हळू चालू लागला. मग मेथी आणि मूग मूठमूठ चारही जागी टाकले. आम्ही हात धुतो न धुतो तोच पायवाटेवर चिमण्या आणि साळुंक्या उतरल्या. “टीचर, खाऊन टाकले सगळे!” असा एकच गलका झाला.

दुसऱ्या रविवारी वाफ्यात मेथी बोटभर वर आली होती. मुरुमात थोडे मूग उगवून उन्हाने माना टाकून बसले होते. तेव्हा मी दाखला सांगितला. पाच मिनिटे पुरली. पुढे काय होणार हे मुलांना माझ्या आधी ठाऊक होते. पाठांतर न घेता ती गोष्ट त्यांना कित्येक महिन्यांनीही सांगता येत होती, आणि सांगताना ती वाकून, पेरून, पक्षी होऊन दाखवीत.

आक्षेप येतातच. पहिला कपड्यांचा. रविवारचे कपडे मळतात, हे खरे. आम्ही पालकांना विनंती केली की शिशुवर्गाच्या मुलांना जुने कपडे घालून आणा आणि उपासनेपूर्वी बदला. काहींनी मानले, काहींनी अजून मानलेले नाही. आमच्या शहराला २०१७ पासून ओळीने सात वेळा देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान मिळाला, आणि त्याचा आम्हाला अभिमानही आहे. पण कचरा आणि माती ह्यांतला फरक आमच्या लोकांच्या ध्यानात राहत नाही. मातीत खेळलेला हात साबणाने धुतला की झाले.

दुसरा आक्षेप मुलींविषयीचा. एका आजींनी मला थांबवून विचारले, “टीचरबाई, आमची पोर काय मुलगा आहे फळीवर नाचायला? पडली, हात मोडला, तर उद्या तिला करणार कोण?”

मी म्हटले, “आजी, तुम्ही लहानपणी झाडावर चढला नाहीत?”

“चिंचेवर चढत होते की! पण तेव्हा आम्हाला बघायला कोणाला वेळ होता?” असे म्हणून त्या स्वतःच हसल्या. पुढच्या रविवारी नातीला फ्रॉकखाली चड्डी घालून घेऊन आल्या, आणि फळीजवळ उभ्या राहून तिला दरडावीत होत्या, “खाली बघू नकोस, समोर बघ!” अगदी योग्य सूचना होती ती. आता त्या दर महिन्याला दोन रविवार मदतीला येतात. सितोलिया, ज्याला देशावर लगोरी म्हणतात, तो खेळ मोठ्या मुलांना त्यांनीच शिकवला.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड गेला. तो एका वडिलांचा: “ह्यात तुम्ही शिकवले काय?” प्रश्न रास्त आहे. रंगवलेले चित्र घरी नेऊन दाखवता येते. तोल सांभाळणे आणि दुसऱ्यासाठी थांबणे पिशवीत घालून देता येत नाही. मी आता दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाविषयी चार ओळी लिहून पालकांना देते: फळीवरून हात न धरता चालतो; उडी मारताना अजून भितो; आपली पाळी संपली की स्वतः उतरतो; नवीन मुलीला पाण्याची जागा दाखवली. चांगले तेवढेच लिहीत नाही, पण ‘हूड’ आणि ‘मठ्ठ’ हे दोन शब्द मी वहीतून काढून टाकले आहेत. ज्यांना चालताना किंवा ऐकण्यात अडचण आहे अशा मुलांसाठी काय बदल करावा हे आधी त्यांच्या आईवडिलांना विचारते. अंगणात प्रत्येकाला करण्यासारखे काहीतरी सापडतेच. वर्गात मला ते सापडत नव्हते. मात्र एखादे मूल बरेच मागे आहे असे वाटले, किंवा आलेली हालचाल जाऊ लागली, तर अंगणावर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवण्यास सांगावे.

अशी दोन वर्षे गेली आणि आवारात फरशी घालण्याचा विषय कमिटीपुढे आला. चारचाकी गाड्या वाढल्या आहेत, पावसात चिखल होतो, वृद्ध मंडळी घसरतात. ही कारणे खोटी नव्हती, आणि घसरणाऱ्यांत मीही एक आहे. पाळकसाहेबांनी मला बोलायला दहा मिनिटे दिली. मी बोलले नाही. सभासदांना निंबाखाली नेले आणि दोघादोघांना काठीला बादली अडकवून कुंड्यांपर्यंत न्यायला सांगितले. कोषाध्यक्षांचे निम्मे पाणी वाटेत सांडले, तेव्हा बाजूला उभा असलेला एक मुलगा त्यांना म्हणाला, “अंकल, तुम्ही त्यांच्याबरोबर चाला ना.” तो आता सात वर्षांचा झाला होता आणि शिशुवर्गात नव्हता, बादली दिसली म्हणून आला होता.

फाटकापासून दारापर्यंत फरशी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. निंबाकडचा पट्टा मातीचा राहिला आहे. माझ्या पावलांनी तो बावीस पावले लांब आणि नऊ रुंद भरतो. गाड्यांसाठी तो अजून कोणी मागितलेला नाही. पण लग्नाच्या मांडवासाठी दोनदा विचारणा झाली, आणि दोन्ही वेळा मांडव झाल्यावर खांबांचे खड्डे मुलांनी आठवडाभर बुजवू दिले नाहीत.